पप्पांची फियाट परत हवी असेल तर आधी खिशात चुंबक टाका

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुम्ही डोंबिवलीचे, वय ४३. पप्पांकडे क्रीम रंगाची प्रीमियर पद्मिनी होती, ती १९९८ मध्ये विकली. आता दादरला एक १९८६ ची पद्मिनी बघून आलात. दलाल सांगतो, "पारशाची गाडी आहे, एकहाती." वहिनी म्हणतात, डोकं फिरलंय. तुमचे सवाल तीन: ए.सी. नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, तरी माणसं या गाड्यांच्या मागे का लागतात? पैसे घातले तर वाढतील का? आणि घ्यायचीच झाली तर काय बघायचं?

वहिनींचं निम्मं बरोबर आहे. कुठलं निम्मं ते पुढे येईलच.

मी कुर्ला पश्चिमेला गॅरेज चालवतो. हातात पाना धरल्याला ३६ वर्षं झाली. वडील प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फिटर होते. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली ती कंपनी. पन्नाशीच्या दशकात तिथे फियाट ११०० बनायला लागली, १९६४ मध्ये डिलाइट आली, सत्तरीत नाव बदलून आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. नाव काहीही लावलं तरी गिऱ्हाईक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिलं, मीही तेच म्हणतो. माझी सुरुवात टॅक्सीच्या फियाटवर झाली. तेव्हा आम्ही पोरं या गाड्यांना कंटाळलो होतो. पुढे त्याच गाड्या लोक कौतुकाने ट्रेलरवर चढवून माझ्या दारात आणतील असं कुणी सांगितलं असतं तर चहा नाकातून आला असता.

आता पहिला सवाल. दिसायला छान म्हणून, हे उत्तर मला पटत नाही. अँबॅसॅडरला छान कोण म्हणेल? आणि आधीच्या गोल पाठीच्या फियाटला तर आपल्याकडे डुक्कर फियाटच म्हणतात. तरीही आज एखादी उलट्या दरवाजांची डुक्कर फियाट परळच्या सिग्नलला उभी राहिली तर बेस्टचा ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून बघतो. मला वाटतं कारणं दोन आहेत, आणि दुसऱ्या कारणातच खरेदीदार फसतो.

पहिलं कारण मला २६ जुलै २००५ ला समजलं. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी आमच्या गल्लीत आली आणि गॅरेजात कमरेच्या वर पाणी. आत तीन फियाट आणि एका गिऱ्हाइकाची वर्षभराची नवी गाडी. पाणी उतरल्यावर फियाटची चेंबरं, म्हणजे इंजिनाखालची तेलाची भांडी, उघडली तर इंजिन ऑइलचा दुधाळ चहा झालेला. तेल काढलं, प्लग काढून इंजिन फिरवलं, सिलिंडरमधलं पाणी कारंज्यासारखं उडालं. टाकी रिकामी केली, कार्बोरेटर धुतला, डिस्ट्रिब्युटरचं झाकण चुलीपाशी सुकवलं, ठिणगीच्या सीबी पॉइंटला बारीक पॉलिश पेपर मारला. स्वस्तातलं तेल घालून पाच मिनिटं चालवायचं, परत काढायचं, असं दोनदा. दोन गाड्या संध्याकाळपर्यंत सुरू झाल्या. तिसरीचं सेल्फ जाम होतं, ती चौघांनी ढकलून सुरू केली. नवी गाडी मात्र सीटखालच्या कंट्रोल युनिटसकट मेली होती, विमावाल्यांनी तिला टोटल लॉस म्हणून लिहून टाकलं. तिच्यात माझ्या हाताला करण्यासारखं काही नव्हतंच.

नवी गाडी वाईट असं मी म्हणत नाही. माझा मुलगा नवीच गाडी चालवतो, आणि त्याने तीच चालवावी असं मलाही वाटतं. पण फियाटचं बोनेट उघडलं की १०८९ सीसीचं इंजिन, कार्बोरेटर, डायनमो, डिस्ट्रिब्युटर, एसी पंप (पेट्रोल ओढणारा पंप, गारव्याच्या ए.सी.शी संबंध नाही) असं सगळं वेगळं वेगळं दिसतं. पेट्रोल कुठून येतं, ठिणगी कुठे पडते, हे शाळेतल्या पोरालाही बोट ठेवून दाखवता येतं. बिघाड होतो तेव्हा गाडी आधी आवाज करते, वास सोडते, स्टिअरिंगमधून हाताला काहीतरी सांगते. मे महिन्यात सायनच्या सिग्नलला गाडी गचके खाऊन बंद पडली की टॅक्सीवाला खाली उतरायचा, डॅशबोर्डखालचा ओला फडका एसी पंपावर टाकायचा, विडी ओढायचा, आणि विडी संपेस्तोवर गाडी चालू. उकाड्याने पाइपात पेट्रोलची वाफ झालेली असते, फडक्याने ती परत थंड होते. दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्या माणसाला याचं फार अप्रूप आहे. माझी निम्मी गिऱ्हाइकं आयटीतली आहेत. रविवारी येऊन हात काळे करतात, चहा माझ्याकडून पितात आणि खूश होऊन घरी जातात.

दुसरं कारण आठवण. एक गोष्ट सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी शिवाजी पार्कच्या एका गृहस्थांनी वडिलांची १९७८ ची फियाट माझ्याकडे पूर्ण करायला दिली. घरचीच गाडी, कधी विकलेली नव्हती. आम्ही अकरा महिने खपलो. पत्रा, रंग, क्रोम, इंजिन, नवं रेक्झिन, नवं छत. न्यायला आले, दार उघडून पुढच्या सलग सीटवर बसले, मिनिटभर काही बोलले नाहीत. मला वाटलं भरून आलं असेल. मग म्हणाले, "वास गेला हो." वडिलांच्या गाडीचा वास म्हणजे काय, तर चाळीस वर्षांचं रेक्झिन, त्याखालचा काथ्या, थोडं पेट्रोल आणि डिकीत कायम पडून असलेली पावसाळी ताडपत्री. ते सगळं आम्हीच भंगारात दिलं होतं. नशिबाने मागच्या सीटचं जुनं कव्हर माळ्यावर पडलेलं सापडलं, ते त्यांनी परत बसवून घेतलं. अख्ख्या चकचकीत गाडीत तेवढं एक उसवलेलं कव्हर आहे. लोक विचारतात हे असं का, ते सांगत नाहीत.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो, तुम्हाला गाडी हवी आहे की पप्पांची गाडी हवी आहे? तुमची ती क्रीम पद्मिनी १९९८ मध्ये गेली. दादरची ही दुसऱ्याच्या पप्पांची आहे. आठवणीला बाजारात भाव आहे आणि दलालाला तो पक्का ठाऊक असतो. तुम्ही दारात उभे राहून त्या कॉलमच्या गिअरकडे, डॅशबोर्डखाली ओढायच्या हँडब्रेककडे बघून हसलात ना, तिथेच त्याने मनात पंचवीस हजार वाढवले. वहिनी हसल्या नसत्या. हे त्यांचं बरोबर असलेलं निम्मं.

"पारशाची गाडी"बद्दलही सांगून टाकतो. पारशी मंडळी गाडी निगुतीने ठेवायची ही गोष्ट खरीच. माझ्या वस्तादांकडे एक बावाजी यायचे, ते दर रविवारी स्वतः ग्रीस गन घेऊन किंगपिनला ग्रीस मारायचे आणि आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. पण बाजारात आज जेवढ्या "पारशाच्या" फियाट फिरतात तेवढे पारशी मुंबईत कधी राहिलेच नाहीत. एकहाती आहे की नाही हे आरसी बुकावर दिसतं, दलालाच्या तोंडावर नाही.

भाव अलीकडे का चढले तेही लक्षात घ्या. टॅक्सी होत्या तोवर प्रायव्हेट फियाटला कुणी विचारत नव्हतं, लोक रस्त्यात हात दाखवून थांबवायचे आणि "बांद्रा?" विचारायचे. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली होती, म्हणजे ऑक्टोबर २०२३ संपताना काळी-पिवळी फियाट रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांत फोटो आले आणि माझा फोन वाजायला लागला. पण याला दुसरी बाजू आहे, ती फार जण बघत नाहीत. फियाटचे पार्ट मिळायचे ते टॅक्सींच्या जिवावर. हजारो टॅक्सींना क्लच प्लेट, टाय रॉड एंड, व्हील सिलिंडर रोज लागायचे म्हणून ऑपेरा हाउसचे दुकानदार माल ठेवायचे. आता गल्ल्यावर विचारलं तर तोच दुकानदार वरच्या फळीवरून धूळ झटकून खोकं काढतो आणि "शेवटचे दोन आहेत" म्हणतो. कधी ते खरंही असतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगारात बंपर, काचा, दरवाजे अजून मिळतात. रबरी बीडिंग मात्र नवंच घ्या, जुनं घेऊन पाऊस आत येतो.

म्हणून दुसऱ्या सवालाचं उत्तर: नाही. पद्मिनीत पैसे वाढतील असं धरून चालू नका. २००८ मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर कार्तिएने मोठा कॉन्कोर्स, म्हणजे जुन्या गाड्यांचं प्रदर्शन-स्पर्धा, भरवला होता, तिथे संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस बघून बऱ्याच जणांच्या डोळ्यांत आकडे आले. ती दुनिया वेगळी. त्या गाड्या एकेक हाताने बांधलेल्या, मागे लिखित इतिहास असलेल्या. फियाट कारखान्यातून ढिगाने निघाली. पद्मिनी नीट उभी करायला जेवढा खर्च येतो तेवढ्याला ती विकली जात नाही, हा माझ्या वहीतला हिशोब आहे. माझा नियम असा की खरेदीला जेवढे मोजाल तेवढेच वेगळे बाजूला ठेवा, आणि ते वर्षभरात संपले तर मला शिव्या देऊ नका. ज्यांना हे परवडत नाही त्यांना मी सरळ सांगतो, वर्षातून एकदा व्हिंटेज रॅली निघते तेव्हा हॉर्निमन सर्कलला जा, पोटभर बघा, वडापाव खा, घरी या.

फियाटच का, हाही प्रश्न स्वतःला विचारून बघा. अँबॅसॅडर बंगालमधल्या उत्तरपाऱ्याला २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे पार्टची ददात कमी, पण मुंबईच्या पार्किंगमध्ये ती म्हशीसारखी बसते. प्रीमियरचीच ११८ एनई स्वस्तात मिळते, तिच्यात निसानचं इंजिन आहे, चालवायला पद्मिनीपेक्षा कितीतरी सुखाची, पण तिच्यासाठी कुणी मान वळवत नाही. काँटेसा घेणारे बहुतेक काळा रंग मारायलाच घेतात, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर पहिल्या बॉडीची मारुती ८०० शोधा, डिसेंबर १९८३ ते १९८६ मधली. आज लोक हसतात, तरी त्या चांगल्या अवस्थेत फार थोड्या उरल्यात.

आणि स्टँडर्ड हेराल्ड? मी स्वतः तिच्यात हात पोळलेत. मद्रासला बनायची, पुढचं अख्खं नाक मडगार्डसकट उचललं जातं, इंजिनाशेजारी टायरवर बसून काम करता येतं, वळते तर रिक्षासारखी. २०१० च्या सुमारास एका दलालाकडून लाल हेराल्ड घेतली. खालून काळं अंडरकोटिंग ताजं मारलेलं. मी, तेव्हा या धंद्यात वीस वर्षं मुरलेला माणूस, त्या नाकाच्या प्रेमात पडलो आणि खाली झोपून बघितलंच नाही. गॅरेजात रॅम्पवर घेतली, सवयीने चेसिसच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, आडव्या हाताला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. काळ्या रंगाच्या आत वर्तमानपत्र आणि लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरलेली होती. ओढून काढलं तर पानावरची क्रिकेटची बातमीसुद्धा वाचता येत होती. ती गाडी मी तुकड्यातुकड्यांनी विकली.

तर तिसरा सवाल. चुंबक न्या. फ्रिजला लावतात तसलं साधं, हातरुमालात गुंडाळून, म्हणजे रंगाला ओरखडा येणार नाही. मडगार्डच्या कमानी, दरवाजांची खालची वीतभर जागा, डिकीचा तळ, हेडलाइटच्या मागे, पुढच्या काचेचे कोपरे, या जागांवर सावकाश फिरवा. चांगल्या पत्र्यावर चुंबक टच्च बसतं. खाली लांबी असेल तर ढिलं पडतं, जाड लांबी असेल तर घसरून हातात येतं. एखाद्या कोपऱ्यात थोडी लांबी चालते, एवढ्या वर्षांत कुठेतरी ठोकलेली असणारच. पण दोन्ही बाजूंच्या सिलला, म्हणजे दरवाजांखालच्या पट्टीला, चुंबक धरत नसेल तर गाडी सोडा, रंग कितीही आरशासारखा असो. कारण फियाटला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. सिल सडली की गाडी मधून वाकते. ओळखायचं कसं? गाडी सपाट जागेवर उभी असताना चारही दरवाजे उघडून बंद करा. दरवाजा बंद करताना जरा उचलावा लागतोय, किंवा वरची फट बारीक आणि खालची रुंद दिसतेय, म्हणजे बॉडी बसली आहे. मग आतलं मॅटिंग उचला. दलाल म्हणेल, चिकटवलंय. चिकटवलेलं असलं तरी उचला. फ्लोअरवर नवा चकचकीत पत्रा आणि त्यावर ताजा काळा रंग दिसला तर त्याखाली काय झाकलंय ते विचारा, आणि उत्तरावर विश्वास न ठेवता गाडीखाली झोपा. समुद्राची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, मुंबईची गाडी बाहेरून नाही, आतून बाहेर सडते. पुण्या-नाशिकची त्याच वयाची गाडी पत्र्याला हमखास बरी निघते, भाव थोडा जास्त दिला तरी.

इंजिनाची फार भीती बाळगू नका. तेच सगळ्यात स्वस्तात दुरुस्त होतं, आणि घेणारा मात्र सगळा वेळ त्याच्याच भोवती घालवतो. थंड असताना चोक ओढून सुरू करा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर सतत निळा धूर येत असेल तर रिंग-पिस्टन, दाबून सोडल्यावर एक निळा भपकारा आला तर व्हॉल्व्ह गाइड. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखं पांढरं काही दिसलं तर हेड गॅस्केट बघा. फियाटचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, एकदा तापून वाकलं की घासून घ्यावं लागतं, आणि घासण्यालाही मर्यादा आहे. २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोलच मिळायला लागलं तेव्हा जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट खचतील अशी ओरड झाली होती. ती भीती अँबॅसॅडरच्या बिडाच्या हेडला जास्त, फियाटच्या हेडमध्ये सीट वेगळ्या बसवलेल्या असतात.

खरा नवा त्रास इथेनॉलचा. पंपावर आता ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. या गाड्या बनल्या तेव्हा कुणाच्या डोक्यात ते नव्हतं. जुनी रबरी नळी मऊ पडते, एसी पंपाचा पडदा फुगतो, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं म्हणून उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. गेल्या पावसाळ्यानंतर माझ्याकडे आलेल्या दर दुसऱ्या फियाटच्या कार्बोरेटरच्या वाटीत लाल गाळ होता. गाडी घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात पेट्रोलच्या सगळ्या नळ्या व्हायटॉनच्या (इथेनॉलला टिकणारं रबर) बसवून घ्या, पारदर्शक फिल्टर लावा म्हणजे गाळ डोळ्यांना दिसेल, आणि गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा. मिश्रण पातळ झाल्याने गाडी गरम होत असेल तर मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक, किंचित मोठा लागतो. हे काम कार्बोरेटरच्या कारागिराकडूनच करून घ्या, यूट्यूब बघून जेट तासू नका.

ब्रेकबद्दल गंभीरपणे सांगतो. चारही चाकांना ड्रम, बूस्टर नाही. खंडाळ्याचा घाट उतरताना पाय ब्रेकवर ठेवून आलात तर खाली पोचेस्तोवर ड्रम तापून ब्रेक लाकडासारखा होतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात उतरायचं, जुन्या ड्रायव्हरांसारखं. पावसात हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून बाहेर आलात की पुढच्या शंभर फुटांत ब्रेक नाहीच असं समजा, डाव्या पायाने हलका दाबून ड्रम सुकवा. सीट बेल्ट नसतील तर बसवून घ्या. पोरांना घेऊन एक्स्प्रेस वेला जायचं असेल तर घरची हॅचबॅक काढा. या बाबतीत वहिनींचं उरलेलं निम्मंही बरोबर आहे.

आता कागद. इथे पत्र्याइतकाच वेळ द्या. तुमची १९८६ ची गाडी "व्हिंटेज" नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी. तिला "व्हीए" अक्षरांची वेगळी मालिका मिळते, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांची मुदत, आणि ती रोजच्या वापराला चालवता येत नाही. विम्याच्या जुन्या टॅरिफमध्ये तर व्हिंटेज म्हणजे १९४० पर्यंतची आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लबने प्रमाणित केलेली. तेव्हा दलाल जाहिरातीत व्हिंटेज लिहितो ते त्याच्या मनाचं. तुमची गाडी कायद्याने साधी प्रायव्हेट कार आहे, आणि ते तुमच्या सोयीचंच आहे, कारण ती ऑफिसलाही नेता येईल. दिल्लीत पेट्रोल गाडीला १५ वर्षांची अट आहे तशी आपल्याकडे सरसकट बंदी नाही. आपल्याकडे १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवावी लागते. १९८६ च्या गाडीचा हिशोब करा: २००१, २००६, २०११, २०१६, २०२१, २०२६. या सगळ्या वर्षांचे शिक्के आहेत का? मध्ये एखादं गाळलेलं असेल तर दंड कुणी भरायचा ते व्यवहाराआधी ठरवा. या नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झाली, आणि २० वर्षांवरच्या कारला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० आहे. पर्यावरण कर वेगळा.

नंबर बघा. १९८९ पूर्वी मुंबईच्या गाडीला "एमएच" नव्हतं, तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे असायचे. १९८६ ची गाडी आणि नंबर "एमएच" असेल तर मध्ये काहीतरी घडलंय. बाहेरच्या राज्यातून आली असेल, किंवा टॅक्सीची प्रायव्हेट केली असेल. टॅक्सीची असेल तर ती किती लाख किलोमीटर फिरली हे देवालाच ठाऊक. नंबर जुना असेल तर तो सरकारच्या "वाहन" पोर्टलच्या ऑनलाइन नोंदीत आहे का ते मोबाइलवर तिथल्या तिथे तपासा. जुनी बुकं संगणकावर चढलेली नसली तर बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, आणि ती झाल्याशिवाय ना विमा नीट होतो, ना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बुक करता येते.

आरसीवर नाव कुणाचं आणि तो माणूस आहे का, हा सगळ्यात अवघड भाग. या वयाच्या गाड्यांचे मालक बरेचदा वारलेले असतात. मालक हयात असेल तर २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, सही तुमच्यासमोर. वारलेला असेल तर आधी वारसाच्या नावावर ३१ नंबरच्या फॉर्मने चढवायची, मग तुमच्या. दलाल सही केलेले कोरे फॉर्म पुढे करतो आणि म्हणतो, "साहेब, सगळं रेडी आहे." असले कोरे फॉर्म तीन मालकांमागच्या माणसाचे असतात, सही जुळत नाही, आणि तुम्ही आरटीओच्या पायऱ्या झिजवता. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा, उमटलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडा. इंजिन नंबरही. इंजिन बदललेलं असलं तर चालतं, पण त्याची नोंद आरसीवर हवी. पीयूसी मात्र घाबरण्यासारखं नाही. इतक्या जुन्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, ट्यून केलेला कार्बोरेटर त्यात आरामात बसतो.

एवढं सगळं जुळलं, चुंबक टच्च बसलं, सह्या खऱ्या निघाल्या, तर घ्या. डोंबिवलीला सोसायटीत छपराखाली जागा आहे का तेवढं आधी बघा. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो, सुती घ्या. आणि आठवड्यातून एकदा वीस मिनिटं फिरवा. नुसती जागेवर सुरू करून बंद करणं म्हणजे सायलेन्सरमध्ये पाणी साठवणं.

दादरच्या गाडीकडे परत जाल तेव्हा रविवारी सकाळी लवकर जा. आदल्या रात्री दलालाला फोन करून सांगा की मी यायच्या आधी गाडी सुरू करून ठेवू नका. पोचलात की त्याच्याशी बोलायच्या आधी बोनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर थंड गाडी सुरू होत नाही हे त्याला माहीत आहे. चहा घ्या, किमतीचं बोलू नका, दोन तास प्लाझा सिनेमाच्या आजूबाजूला फिरून या आणि मग चावी मागा.